वहिनींचा डोंगर

मी शाळेत भूगोल शिकवतो. सोलापुरात भूगोल शिकवायचा म्हणजे फळ्यावर खडूनं डोंगर काढायचा आणि पोरांना सांगायचं, बाळांनो, हा असा असतो. खिडकीतून बोट दाखवावं असं बाहेर काही नाही. पाण्याची टाकी दिसते, मोबाईलचा टॉवर दिसतो, गिरणीची जुनी चिमणी दिसते. त्यामुळे माझा मित्र भर दुपारी दुकान बंद करून घरी आला आणि म्हणाला, "शनिवार-रविवार मोकळा ठेव, माउंटन बायकिंगला जायचंय," तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"कुठल्या माउंटनवर बे?" मी विचारलं.

"हिच्या," तो म्हणाला.

मी कपाळावरचा हात काढला. त्यानं 'हिच्या' म्हटलं की वर्षभर मला गप्पच बसावं लागत होतं.

ही म्हणजे त्याची बायको. माझ्या वहिनी. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. पिंड ठेवला, लांब जाऊन उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. लिंबावर ओळीनं बसले होते आणि आमच्याकडं टक लावून बघत होते. पण एक जण खाली येईल तर शपथ. मग सुरू झालं. मुलगा म्हणाला, बाबांकडं मी बघीन. वहिनींच्या मावशी म्हणाल्या, तुझ्या साड्या कुणाला देणार नाही. हा म्हणाला, मावा सोडला, दुकान लवकर बंद करीन, तुझ्या भावाशी बोलीन. कावळे आपले बसलेले. कुणीतरी मलाही पुढं ढकललं. मी हात जोडले आणि म्हणालो, "वहिनी, या आता. ऊन झालंय." तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि म्हणाले, चालतं. सगळे जेवायला गेले. हा काही जेवला नाही.

त्या दिवसापासून ह्याच्या डोक्यात एकच बसलं. हिचं काहीतरी राहिलंय, आणि काय ते आपल्याला ओळखता आलं नाही. तिला कावळा शिवेपर्यंत मला चैन नाही, असं तो मला रोज सांगायचा. मी म्हणायचो, अरे, कावळ्याला भूक नसेल. तो माझ्याकडं असा बघायचा की जणू मीच वहिनींना मारलं.

मग त्यानं वहिनी संसारात जे जे म्हणून बोलल्या होत्या ते आठवून आठवून एकेक पुरं करायला घेतलं. बायको इतक्या वर्षांत काय काय बोलते! न्हाणीघरातला नळ टिपकतोय, म्हणायच्या. ह्यानं सगळी न्हाणीच फोडून नवी केली. एकदा मेथी निवडून बघा म्हणजे कळेल, म्हणायच्या. हा आठवडाभर मेथी निवडत दुकानात बसला, चादरींच्या घड्यांवर सगळा पाला. शेजारणीचा कुकर परत द्यायचा राहिला होता, तो दिला. ती बिचारी म्हणाली, हा माझा नव्हेच. तरी देऊन आला. आणि एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "तुला एक खरं सांगायचंय. तू गातोस ते फार वाईट गातोस. ही मला नेहमी म्हणायची, एकदा मित्राला खरं सांगा." मी गणपतीत पंधरा वर्षं गातोय. मी दार आपटलं.

आणि असं प्रत्येक काम झालं की तो गच्चीवर जाऊन कठड्यावर भाताचा घास ठेवायचा. पुढं तर रोजच ठेवायला लागला. दुपार टळेपर्यंत कावळ्याची वाट बघायची, तोवर स्वतः तोंडात काही घालायचं नाही, असा नेम. आमच्या पेठेत कावळा उरलाय कुठं? चिमण्या खायच्या, खार खायची, शेजारचं मांजर तर वेळ ठरवून यायचं. मग हा खाली येऊन उभ्या उभ्या गार पोळी चावायचा. गाल बसले, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. मी किती वेळा ओरडलो असेन. ऐकतो कोण?

तसा जेवणाच्या बाबतीत तो आधीपासून गाढवच. वहिनी होत्या तेव्हा दुपारी दुकानात फोन यायचा. "जेवलात का?" हा गिऱ्हाइकापुढं चादर उलगडत म्हणायचा, "जेवतो." "जेवतो म्हणजे कधी?" "जेवतो गं." आणि संध्याकाळी डबा होता तसा घरी. मी दुकानात बसलेला असलो तर मी फोन हातात घेऊन सांगायचो, वहिनी, हा खोटं बोलतोय.

आता डोंगराचं सांगतो. वहिनींचं माहेर मंद्रूपच्या पुढं आत, एका लहान गावात. "आमच्या गावाला डोंगर आहे," असं त्या लग्न झाल्यापासून सांगायच्या. ह्यानं तो लांबून बघितलेला. तो म्हणायचा, ते टेकाड आहे. वहिनी मला साक्षीला धरायच्या, भाऊजी, तुम्ही सांगा. मी धंद्याशी इमान राखून सांगायचो की वहिनी, त्याला फार तर उंचवटा म्हणता येईल. त्या इतक्या चिडायच्या की ताटात पुढची भाकरी पडायची नाही. एकदा असंच जेवताना त्या ह्याला म्हणाल्या, "एकदा चढून दाखवा, मग टेकाड म्हणा." हा म्हणाला, "त्यात काय, सायकलवर चढून दाखवीन." "द्या शब्द." "दिला."

हे त्याला वहिनी गेल्यावर वर्षानं अचानक आठवलं. दुकानात, शेंगा खाता खाता. ताडकन उठला आणि सरळ सायकलच्या दुकानात गेला. म्हणाला, डोंगर चढणारी दाखवा. दुकानदार म्हणाला, काका, पोरं ही क्लासला जायला नेतात, पण चढत असेल. जाड टायर, पुढं स्प्रिंग, गिअर इतके की आमच्या वयात कुठला कशाला ते लक्षात राहायचं नाही. माझ्यासाठी सायकल घ्यायचा त्याचा विचार होता, मी नको म्हणालो. माझ्या मुलीची जिन्याखाली उभी होती. पुढं जाळीची टोपली, हँडलला घंटी, मडगार्डवर फुलपाखरू. ती काढली.

मागं उशी शिवलेल्या दोन चड्ड्याही त्यानं आणल्या होत्या. सायकलवाले घालतात म्हणे. मी त्यातली एक घालून वरून पॅन्ट चढवली. बायकोनं बघितलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. "तुम्ही गल्लीत कुणाकडं पाठ करू नका," एवढंच तिला बोलता आलं.

शनिवारी सकाळी थंडीत निघालो. डोक्यावर हेल्मेट, माझ्या टोपलीत केळी, पाण्याच्या बाटल्या आणि त्याचा भाताचा डबा. विजापूर रोडला लागेपर्यंत मला कळलं की काहीतरी चुकतंय. ह्याचे पाय नुसते गरगर फिरत होते आणि सायकल जागच्या जागी.

"अरे, गिअर बदल की!"

"दुकानदार म्हणालाय, हा गिअर चढाचा."

"चढ कुठाय इथं?"

"डोंगरावरच जायचंय ना? मग आधीपासून लावलेला बरा."

एक आजोबा शेळ्या घेऊन रस्त्याच्या कडेनं चालले होते. ते आमच्या मागून आले आणि पुढं निघून गेले. शेळ्यांनीसुद्धा वळून बघितलं. माझं डोकं फिरलं. मी रस्त्यातच त्याला थांबवून असा काही झापला की बाजूच्या रानातला ज्वारी राखणारा गडी माळ्यावरून खाली उतरला. शेवटी ह्यानं गिअर बदलला, तो थेट दुसऱ्या टोकाचा लावला, आणि मग सायकल जी सुटली ती मला सापडेना.

सापडली ती मंद्रूपच्या अलीकडं. तिथं हायवे पुलासाठी उंच उचललाय. दोन्ही बाजूंनी लांबलचक भराव. त्या जड गिअरवर ह्याला तो चढेना. निम्म्यात पाय टेकला, खाली उतरला आणि सायकल ढकलायला लागला. मीही ढकलली, खोटं कशाला बोलू. वर पोचलो तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बरा चढ होता की," तो म्हणाला.

"हा चढ नाही," मी म्हणालो. "हा भराव आहे. भूगोलात ह्याला जागा नाही."

मंद्रूपला चहाला थांबलो. बाकड्यावरचे लोक आमच्याकडं बघत होते. एकानं विचारलं, "परचार हाय का कसला?" दुसरा म्हणाला, "न्हाय रं, पेट्रोल परवडंना." चहावाला शहाणा माणूस. त्यानं कप पुढं करत हळूच विचारलं, "नवस हाय व्हय?"

मित्र म्हणाला, "हो."

"कुठल्या द्येवाचा?"

"देवाचा नाही. डोंगराचा. सायकलवर चढायचाय."

चहावाल्यानं कपाळावर हात मारला. "मग हिकडं कशाला आलासा? हिकडं सगळी जमीन पाटावानी सपाट. तुळजापूरला जायचं की, घाट हाय तितं. उलट्या बाजूला आलासा तुमी." बाकड्यावर लगेच दोन तट पडले. कुणी नळदुर्ग म्हणे, कुणी बार्शीकडचं कुठलं ठिकाण. आमचं गाव सांगितलं तर एक जण म्हणाला, "तितं? तितं काय न्हाय." मित्रानं मान हलवली. "तुम्ही लांबून बघितलं असेल," तो म्हणाला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मेहुण्याच्या घरी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ह्याचं आणि मेहुण्याचं लग्नापासून जमत नव्हतं. का, ते दोघांनाही आठवत नव्हतं. घाटावर शब्द दिल्यामुळं ह्यानं मध्ये एकदा फोन केला होता. दोघांनी 'बरं हाय का', 'बरं आहे' एवढं बोलून ठेवून दिला होता. त्यामुळे दारात आम्हाला बघून मेहुणा गडबडून गेला. आधी ह्याच्याकडं, मग सायकलींकडं, मग माझ्या मागच्या उशीकडं बघितलं.

"या की दाजी. सर, या. गाडी बिगडली व्हय?"

"नाही, मुद्दाम सायकलवर आलोय. तुझ्या अक्काच्या डोंगरावर चढायचंय."

मेहुण्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तो आत बायकोकडं बघून म्हणाला, "आगं, पाणी आण की," आणि तांब्या तर त्याच्याच हातात होता.

ह्यानं तिथंही अंगणात घास ठेवला. कोंबडीनं खाल्ला. दुपार टळल्यावर हा जेवला, म्हणजे अर्धी भाकरी मोडली. "आता निघू या डोंगरावर," म्हणाला की मेहुणा म्हणायचा, उन्हाचं कशाला. ऊन उतरल्यावर म्हणाला, हुरडा खाऊ या की, शेकोटी पेटवलीय. अंधार पडल्यावर म्हणाला, सकाळी लवकर जाऊ. मला त्याची लक्षणं बरी दिसेनात. वर्गात गृहपाठ न केलेलं पोरगं असंच करतं.

रविवारी सकाळी हा अंघोळ करून, हेल्मेट घालून तयार. वहिनींच्या भावजयीनं दहीभात कालवून डब्यात भरला, वर शेंगाची चटणी. "दाजी, कावळ्याला ठिवा, पर तुमी बी खावा," ती म्हणाली. हा हो म्हणाला. सायकली हातात धरून आम्ही मेहुण्याच्या मागं निघालो. ओढा ओलांडला, बाभळी ओलांडल्या. मेहुणा हळूहळू चालायला लागला, मग थांबलाच.

समोर खड्डा होता. चांगला मोठा, तळाला हिरवं पाणी, पाण्यात दोन म्हशी डोळे मिटून बसलेल्या.

"डोंगर कुठाय?" मित्रानं विचारलं.

"हितंच होता," मेहुणा म्हणाला.

"होता म्हणजे?"

"रस्त्याला मुरूम लागला की दाजी. मशिनी आल्या, टिपर लागले. लोकास्नी वाटलं कडंकडंनं नेतील. पार मुळापासनं नेला, वर आणि हे भोक पाडलं."

आम्ही दोघं खड्ड्याकडं बघत उभे. एवढ्या उजेडात डोंगर गायब झालेला मी तरी कधी बघितला नव्हता. माझा संताप झाला. मी मेहुण्यावर ओरडलो, "अहो, गावातून डोंगर जातो आणि माणूस पाहुण्यांना कळवत नाही?"

"कसं कळवायचं सर? अक्कानं शपत घातली हुती."

मित्राची मान गर्रकन वळली. "तिला माहीत होतं?"

"व्हय तर. दिवाळीला आली तवा हितंच हुबी हुती, तुमी हायसा तितं. लई रडली. मग डोळं पुसून म्हणाली, दाजींना सांगू नको. आधीच टेकाड म्हणत्यात, आता खड्डा म्हणतील."

"कुठली दिवाळी?"

मेहुण्यानं सांगितलं. मी हिशोब केला, त्यानंही केला. म्हणजे वहिनींनी ताटावर बसून शब्द घेतला, तेव्हा डोंगर जाऊन बरीच वर्षं झाली होती. चढून दाखवा, म्हणाल्या होत्या. कुठं चढून दाखवणार होता हा? म्हशीवर?

मित्राच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, रडतोय. मी खांद्यावर हात ठेवायला गेलो तर हा हसत होता. सायकल सोडून दिली, खाली बसला, पोट धरलं. "फसवलं बे मला," तो म्हणाला. "तोंडावर फसवलं. आणि तू तिला उंचवटा आहे, उंचवटा आहे म्हणून समजावत होतास!" मग मलाही आवरेना. मेहुण्याला आधी कळेना काय करावं, मग तोही लागला. म्हशींनी डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. वर्षभरात हा माणूस हसला नव्हता हो. त्या खड्ड्याच्या काठावर हसला, आणि हसता हसता रडला, आणि मेहुण्याच्या धोतराला डोळे पुसले.

मग एकदम थांबला.

"मुरूम कुठं टाकला?"

"हायवेला. मंद्रूपच्या पलीकडं पूल हाय न्हवं, त्येचा भराव. सगळा आपलाच हाय. तुमी काल त्येच्यावरनंच आलासा की."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. पुढं काय होणार ते मला कळलं होतं.

"पाय टेकला होता मी," तो म्हणाला. "ढकलत नेली."

"अरे, असू दे."

"असू दे कसं? शब्द दिलाय."

मेहुण्यानं जेवून जावा म्हणून फार आग्रह केला. हा थांबतोय कसला? दारात मेहुण्यानं ह्याला मिठी मारली तेव्हा दोन हेल्मेटं, एक पागोटं आणि माझी टोपली असा सगळा गुंता झाला. मंद्रूपला चहावाला ओरडला, "फिटला का नवस?" हा ओरडला, "आता फेडतोय!"

भरावाच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन माथ्यावर. घास ठेवायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे सकाळपासून ह्याच्या पोटात पाण्याचा घोट सोडून काही नाही. मी म्हणालो, आधी केळं खा. नको म्हणाला. सुरुवात केली आणि वीसेक पावलांवर पाय टेकला. "धरायचं नाही हे," म्हणाला आणि सायकल वळवून परत खाली. दुसऱ्यांदा जरा वर गेला, तोंडावर ट्रक आला, ट्रकवाल्यानं असा हॉर्न वाजवला की हा घाबरून कठड्याला टेकला. परत खाली. ह्यानं हँडलवर डोकं टेकलं. मला भीती वाटायला लागली. हे खरं सांगतो. वहिनी गेल्या, आता हा इथं आडवा झाला तर मी त्याच्या मुलाला काय सांगू? बाबा भराव चढताना गेले?

"बास कर," मी म्हणालो. "वहिनींची सुद्धा ही इच्छा नसेल."

"मग काय असेल?" तो ओरडला. "सांग ना! तुला माहीत असेल तर सांग! मला कळत नाही रे तिला काय पाहिजे ते!"

मी त्याच्या सायकलीकडं बघितलं आणि परत डोकं फिरलं. कालपासून तोच जड गिअर. मी झापल्यावर लावला तो ह्यानं परत बदललाच नव्हता.

"मूर्खा, चढाचा गिअर लाव! तो तुझा लाडका, कालचा!"

लावला. पाय गरगर फिरायला लागले. सायकल मुंगीच्या गतीनं निघाली, पण निघाली. मी माझी फुलपाखराची सायकल एका हातानं ओढत, मागची उशी सावरत, शेजारून पळत होतो आणि ओरडत होतो, "मार, मार, थांबू नको, मार की बे!" एक टेम्पो आमच्यासाठी हळू झाला. आतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, त्यांना काय वाटलं देव जाणे. कालचे ते शेळ्यांचे आजोबा खालच्या रस्त्यानं चालले होते. ते थांबून बघत राहिले.

तो चढला. पाय न टेकता चढला. वर पुलाच्या कठड्याला सायकल लावली आणि मटकन खाली बसला. चारी बाजूंनी ज्वारीच ज्वारी, सपाट, थेट आभाळापर्यंत.

"बोल मास्तर," त्याला धड बोलता येत नव्हतं. "काय आहे हे?"

"डोंगर," मी म्हणालो.

"नक्की?"

"शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून देऊ का?"

त्यानं डब्यासाठी हात पुढं केला. मी टोपलीतून काढून दिला. आता घास बाजूला काढेल, कठड्यावर ठेवेल आणि आपण दोघं उन्हात दुपार टळायची वाट बघत बसू, असं मला वाटलं. त्यानं झाकण उघडलं. दहीभाताचा वास आला. त्यानं चटणी कालवली, एक घास घेतला. मग दुसरा. मी श्वास रोखून बसलो. त्याच्या लक्षातच नव्हतं. खाली मान घालून, हाताला दही लागलंय, हनुवटीला शीत चिकटलंय, तो नुसता जेवत होता. वर्षात मी त्याला असं जेवताना बघितलं नव्हतं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्यालासुद्धा मी मनातल्या मनात शिवी दिली.

त्यानं बोटानं डबा निपटला. मग एकदम त्याचा हात थांबला.

"अरे," तो म्हणाला. "घास... घास ठेवायचा राहिला."

डब्यात एक शीत नव्हतं. त्याचं तोंड बघवेना. मी म्हणालो, केळं आहे. आणि तेवढ्यात कठड्यावर, त्याच्या सायकलीच्या हँडलपासून हातभर अंतरावर, कावळा येऊन बसला.

हायवेवर कावळे असतात. मेलेलं काहीबाही असतं, ते खायला येतात. मी शाळेत शिकवणारा माणूस आहे, मला ते कळतं. पण तो कावळा त्या रिकाम्या डब्याकडं बघत होता, मग मान तिरकी करून ह्याच्याकडं बघत होता, आणि ओरडला तो ह्याच्याकडं बघूनच ओरडला.

मित्रानं रिकामा डबा उचलला आणि त्याला दिसेल असा तिरका धरला.

"जेवलो गं," तो म्हणाला.